शेळीची तारीफ

काय सांगू, मला मेली बोलायची खोड, आणि ती मोडनिंबात अशी अंगाशी आली की अजून घरात विषय निघाला की मी पाणी प्यायला उठतो.

मी सोलापुरात कॉलेजात इतिहास शिकवतो. त्या आठवड्यात जुन्या तमिळ मुलखातले छोटे सरदार शिकवत होतो. काय माणसं होती! शेजाऱ्याची गुरं पळवून आणायची, शेतातलं धान्य, डोंगरातला मध गोळा करायचा, आणि दारात भाट आला, त्यानं चार शब्द तारीफ केली, की त्याला पोटभर जेवू घालून सगळं देऊन टाकायचं. हत्तीसुद्धा! मी तर त्यांच्या प्रेमातच पडलो होतो.

रविवारी मोडनिंबला बायकोच्या मावसभावाकडं, बापूकडं गेलो. खरं सांगायचं तर नवी स्कूटर दाखवायला. जेवताना त्याला हे सरदार ऐकवले, आणि मधूनमधून तारीफ चालूच. "वहिनी, शेंगाचटणी फक्कड झालीय." लगेच डबा भरून पुढ्यात. "भाकरी काय गोड हो." ज्वारीचं पोतं दारात. देताना बापूच्या कपाळावर एक आठी नाही. असला माणूस मी पुस्तकातच वाचला होता. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. हात धुताना म्हणालो, "बापू, शेळी लई देखणी रे."

बापूनं दावं सोडून माझ्या हातात दिलं. "न्या की दाजी."

"अरे, मी तिसऱ्या मजल्यावर राहतो."

"मग गॅलरीत बांधा."

वहिनींचा चेहरा उतरला. शेळी त्यांची. तिची आई मेल्यावर त्यांनीच बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नको म्हटलं, तर बापू रुसला. "म्हंजे आमी त्या सरदारापरीस हलके व्हय?"

आता घ्या! मग डोकं चालवलं. म्हटलं, "बरं, घेतली. आता शेळी माझी ना? मग मी ती वहिनींना दिली."

बापू खूश. वहिनींनी शेळीला पोटाशी धरलं, डोळ्याला पदर लावला. मलाही भरून आलं. छाती अशी फुगली म्हणता, आता मीच सरदार.

वहिनींनी अंगणात नजर टाकली आणि सहज म्हणाल्या, "दाजी, तुमची स्कूटर लई झ्याक हाय की."

बापू माझ्याकडं बघतोय, वहिनी बघतायत, शेळीसुद्धा बघतेय. मी खिशातली किल्ली मुठीत घट्ट आवळली, आणि स्कूटर समोर उभी असताना तोंडातून निघालं,

"निघतो वहिनी, माझी एस.टी. चुकेल."