पालीची भिंत

१९८४ साल. मी बत्तीस वर्षांचा. दिल्लीत पंतप्रधान बाईंना गोळ्या घातल्या, तो दिवस. त्या दिवशी तू कुठे होतास, असं माझ्या वयाच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. मी पालीला होतो. गणपतीची पाली नव्हे, आपली उत्तनजवळची, समुद्रावरची. इनास नाखवाच्या घराच्या परांचीवर. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याचाच आहे.

मी गवंडी. मूळचा संगमेश्वरकडचा. शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, काढणाऱ्यांनी काढाव्यात. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. स्मशानाची भिंत बांधलीय मी, आणि दुपारची भाकरी तिच्याच सावलीत खाल्लीय. आमच्या वाचनालयात हे मासिक येतं. तुमचं हे अनुभवांचं सदर मी वाचतो, पण हसायला वाचतो. आता माझ्यावर कुणी हसलं तर हसू दे.

तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला नवघरला राहायचो. चाळीत एक खोली, गिलावा माझ्या हातचा. मागे मिठागरं… उन्हाळ्यात मिठाचे ढीग असे चमकायचे की डोळे बारीक करून चालावं लागे. स्टीलच्या कारखान्यांतून भांडी ठोकल्याचा आवाज दिवसभर, सुट्टीच्या दिवशी तो नसला की चुकल्यासारखं वाटायचं. आज तिथे बिल्डिंगा झाल्यात. माझी चाळ नेमकी कुठे होती हे आता मलाच दाखवता येत नाही. लग्नाला चार वर्षं झालेली. बायको सुलोचना, मुलगी मंदा जेमतेम चालायला लागलेली.

त्या भाऊबीजेला सुलोचनाचा भाऊ परळहून आला आणि ओवाळणीत त्याने ट्रान्झिस्टर घातला. नवा, चामड्याच्या कव्हरातला. मी तो त्याच्या पिशवीत परत ठेवला. म्हटलं, माझ्या घरात रेडिओ वाजेल तो माझ्या कमाईचा. तो न जेवता गेला. तेव्हापासून बायको बोलेना. जेवायला वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, बोलेल चार दिवसांनी. आज विचाराल तरी मी म्हणेन, ट्रान्झिस्टर परत केला ते बरोबरच केलं.

तर त्या दिवशी पाली. नाखवाची गल्लीकडची भिंत, एका दमात गिलावा करायचा होता. सकाळचं ऊन भिंतीवरून उतरलं, मी सिमेंट-वाळूचा माल कालवला आणि वर चढलो. जेवणवेळ झाली होती तोच नाखवा भाईंदरच्या बाजारातून सायकल मारत आला. मासळीची पाटी भरलेली तशीच.

"गवंडी, उतर खाली. दिल्लीला बाईला मारली."

"कोण म्हणतं?"

"रेडिओवर आलाय. बाजार बंद, गाड्या बंद व्हतील. घरा जा तू."

"आणि हा माल? तुझ्या मासळीवर थापू?"

नाखवा कपाळाला हात लावून आत गेला. पण माझं ऐका. कालवलेला माल थांबत नाही. अर्धवट सोडलात तर तो घट्ट होतो, आणि दुसऱ्या दिवशी पुढचा गिलावा जोडलात की भिंतीवर सांधा पडतो. वरून चुना मारा, रंग मारा, हाताला सांधा लागतोच. माझ्या भिंतींना सांधा नाही. देश थांबला तरी मी माल संपवूनच उतरलो. तोवर गाड्या बंद झाल्या होत्या, रात्र नाखवाच्या पडवीत काढली आणि पहाटे चालत निघालो. घरी पोचलो तेव्हा सुलोचनाने दार उघडून विचारलं, "माल संपला का?" इतक्या दिवसांनी ती बोलली, एवढंच माझ्या लक्षात राहिलं. म्हटलं, संपला.

ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आलोय. नाक्यावर, कामावर, दुसऱ्या गवंड्यांना शिकवताना. घरात कधी सांगायची वेळ आली नाही. आली तरी बायको स्वयंपाकघरात असायची.

गेल्या दिवाळीत आम्ही मंदाकडे मीरा रोडला जेवायला गेलो होतो. टीव्ही चालू, जावयाने विषय काढला. नोटा बंद झाल्या तेव्हा कोण कुठे, मुंबईवर हल्ला झाला तेव्हा कोण कुठे. मी माझी पाली सुरू केली. गुडघे दुखतात म्हणून सुलोचना या वेळी माझ्याच शेजारी सोफ्यावर बसली होती. तिने पुरतं ऐकलं आणि हळूच म्हणाली, "पण तुम्ही तर दुपारी घरी आला होतात."

सगळे हसले. मंदा म्हणाली, "बाबा, वय झालं तुमचं." मी म्हटलं, मला साखरेची गोळी चालू आहे, डोक्याची नाही.

घरी आल्यावर मी चप्पल काढायच्या आधी विषय काढला. "चारचौघांत मला खोटं पाडलंस."

"खोटं नाही पाडलं. आला होतात ते सांगितलं."

"कधी?"

"नळाला पाणी आलं होतं तेव्हा." मग ती खुर्चीत बसली, आणि चाळीस वर्षांत जे बोलली नव्हती ते बोलली. "मी निघाले होते त्या दिवशी. कायमची. ट्रंक भरली होती, मंदाला नवा फ्रॉक घातला होता. भावाकडे जाणार होते, तिथून गावी. कुलूप हातात होतं. तुम्ही गल्लीतून आलात. अंगावर बनियन, कोपरापर्यंत ओला माल. म्हणालात, दिल्लीत बाईंना गोळ्या घातल्या, गाड्या बंद होतील."

"मग?"

"मग म्हणालात, सुलोचना, जाऊ नकोस."

मी आयुष्यात तिला नावाने हाक मारलेली नाही. आमच्यात नाही तशी पद्धत. अगं म्हणतो, नाहीतर मंदाची आई.

"ट्रंक तुम्ही उचलून आत ठेवलीत," ती म्हणाली. "पायरीवर बसून पाणी प्यायलात. म्हणालात, माल टाकून आलोय, जातो. आणि गेलात. म्हणून तर दुसऱ्या दिवशी विचारलं, माल संपला का."

मी म्हटलं, दुसरा कुणी असेल. ती म्हणाली, "चार वर्षांचा संसार झाला होता. नवरा ओळखत नव्हते का मी? आणि आपल्याकडे रेडिओ कुठे होता? तुम्हीच परत पाठवलात. बातमी मी शेजारच्या मंजुबेनला सांगितली, तर ती म्हणाली, भाभी, आपको किसने बोला? तिचा नवरा तीच बातमी घेऊन नंतर आला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"एकदा वाकलात तुम्ही. ते पुन्हा पुन्हा काढून कशाला दाखवायचं?"

ती ट्रंक अजून आमच्या माळ्यावर आहे. बायको झोपल्यावर मी ती खाली काढली. कडीला सिमेंट होतं, वाळून दगड झालेलं. पण गवंड्याच्या घरात सिमेंट कशाला नसतं? तो काही पुरावा नाही.

खरं सांगतो, मला राग आला होता. ती जाणार होती याचा कमी, आणि त्या माणसाचा जास्त. माझ्या रूपाने कुणीतरी माझ्या दारात आलं, माझं काम केलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं केलं. पुढचा चाळीस वर्षांचा संसार, मंदाचं लग्न, नातवंडं, सगळं त्याच्या एका वाक्यावर उभं. आणि ते वाक्य माझं नाही.

म्हणून मी पालीला गेलो. म्हटलं, भिंत सांगेल. मधेच काम सोडून घरी आलो असेन तर सांधा सापडेल. नवघर काही गल्लीच्या टोकाला नव्हतं, जाऊन येईपर्यंत माल दगड झाला असता.

पालीच्या गल्ल्या तेवढ्याच अरुंद आहेत, पण आता दोन्ही बाजूंना मोटारसायकली. वास मात्र तोच, सुकत टाकलेल्या मासळीचा… तो नाकात शिरला आणि मी बत्तीस वर्षांचा झालो. नाखवा जाऊन बरीच वर्षं झाली. त्याची बायको रोझीबाय दारात बसली होती. डोळ्यांनी कमी दिसतं, पण आवाज ओळखला.

"गवंडी! जिता हाय अजून?"

भिंत होती. पुढून सगळं बदललंय, टाइल्स लावल्यात, पण गल्लीकडच्या भिंतीला कुणी हात लावला नव्हता. मी तळवा फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरून खालपर्यंत, हात पुरेना तिथे स्टूल मागून घेतलं. ऊन तिरपं झालं तेव्हा भिंतीला गाल लावून बघितलं.

सांधा नाही. कुठेच नाही. मी जिंकलो होतो.

रोझीबायला विचारलं, त्या दिवशी मी मधेच गेलो होतो का कुठे?

"न्हाय रे. खय जाशील? मी हितंच व्हते." मग म्हणाली, "पन येक हाय. नाखवानं खबर सांगितली, त्याच्या मागनं मी जेवाया हाका मारल्या. तू वर उभा, हात चालू, माल लावतंय… पन ओ न्हाय. लय हाका मारल्या. नाखवाला बोलले पन, गवंड्याचा हात हितं हाय, गवंडी न्हाय."

मला यातलं काही आठवत नाही. एकही हाक आठवत नाही. मला आठवतं ते असं, की मी माल संपवला आणि उतरलो.

हे काय होतं, मला माहीत नाही. कुणी म्हणेल बायकोला भास झाला. मग मंजुबेनच्या आधी तिला बातमी कुठून मिळाली? कुणी म्हणेल मी गेलो आणि विसरलो. मग भिंत? मी पुष्कळ डोकं चालवलं. बिनशिकलेलं आहे, पण चालतं. यात मात्र कुठेच पोचलं नाही. शिकलेल्यांना काही सुचत असेल तर कळवा. बायको हे मासिक वाचत नाही, म्हणूनच इथे लिहितोय.

पालीहून परत आलो तेव्हा रात्र झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा आणला, कप माझ्यापुढे ठेवला आणि गुडघा धरून समोर बसली.

"काल पालीला गेला होतात ना? भिंत बघायला?"

"हो."

"मग? काय निघालं?"

पन्नास वर्षं थापी धरली मी. शेकडो भिंती असतील, आणि एकाही भिंतीला कुणी बोट दाखवलेलं नाही. कप उचलला, खाली ठेवला. ती वाट बघत होती.

"सांधा आहे," मी म्हटलं. "चांगला हातभर. मधेच सोडून आलो होतो."