कडूबाईच्या घरात बंदूक आली नाही

पालमच्या खालच्या अंगाला आमचं गाव. तिथं कडूबाईचं नाव घेतलं की माणसं आधी हसतात, मग जपून बोलतात. दसऱ्याला नवरा गेला आणि महिन्याभरात ही बाई सख्ख्या दिरापुढं उभी राहिली.

महारुद्र, तिचा नवरा, रानडुकरांपायी ठासणीची बंदूक बाळगून होता. लायसन बापाच्या वेळचं, पुढं त्याच्या नावावर झालेलं. त्यांच्या घरची रीत अशी, की दसऱ्याच्या पूजेला हत्यार रिकामं मांडायचं नाही. दारू, छर्रे ठासून, वर बार पेटवणारी टोपी बसवून बंदूक पाटावर ठेवायची आणि सांजच्याला सोनं लुटून आलं की वर आभाळात बार काढायचा. त्या सकाळी महारुद्रानं वाकून बंदुकीवरची झेंडूची माळ उचलली. माळेचा दोरा घोड्यात गुंतलेला. ओढ बसली नि बार उडाला. पाटापुढंच माणूस संपला.

पोलिसांनी बंदूक नेली. चौकशी झाली, अपघात ठरला. लायसन वारसाच्या नावावर करायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते, असं बन्सीधरला, धाकट्या दिराला, कुणी तरी सांगितलं. तो ओसरीवर येऊन बसला.

"वैनी, परभणीला येऊन साहेबापुढं एक हो म्हणा. बंदूक माझ्या नावावर व्हईल."

"न्हाई म्हणते."

"आता गं माय! डुकरं सारी ज्वारी लोळवायलीत. ती काय तुमच्या न्हाईला भेणार हायेत?"

"डबा वाजवीन. बॅटरी मारीन."

"दादा गेले ते नशीब. लोखंडाचा काय गुन्हा? सरकार नुसते कायदे कडक करायलंय. त्यानं मरणारे थांबले का? गावठी कट्टेवाले लायसन काढून फिरतेत व्हय?"

"त्येंच्यामागं पोलिसांनी धावावं. माझ्या घरात कट्टेवाला न्हाई शिरला, भाऊजी. माझा माणूस पूजेतल्या बंदुकीनं गेला. लायसनच्या."

बन्सीधरचा आवाज चढला. "बापाच्या वेळची इज्जत हाय ती! आन माणसाला मारायचंच असलं तर काठी न्हाई? कुऱ्हाड न्हाई?"

कडूबाई भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"बांधावरची तकरार आठवती का? शेजारच्या रानातल्या आदिनाथानं बांध कोरला म्हणून तुमी बोंबलत घरात शिरला व्हता. बंदूक कुठंय, बंदूक कुठंय! सारं घर पालथं घातलं."

बन्सीधरनं तंबाखू मळायला घेतली.

"इलेक्शनचे दिवस व्हते. बंदूक ठाण्यात जमा. दोन दिवस तुमीच सरकारला शिव्या घातल्या त्यापायी. मग काठी घेऊन गेला. आदिनाथाचा हात मोडला. हातच मोडला. आता त्यो तुमचा व्याही हाय. तुमची सविता त्याच्या घरी नांदायलीय. त्या दिशी बंदूक खुंटीला असती तर पोरगी कुणाच्या घरी दिली असती? आन तुमी कुठं असता?"

"तवाचं आता कशाला काढता?"

"तुमी बंदूक काढायलाव म्हणून."

"बाईच्या जातीला काय कळतंय हत्यारातलं!"

"रक्त मीच पुसलंय की पाटाचं. बाकी तर सारे बाहेर उभे व्हते."

पुढच्या सोमवारी ती एकटीच एसटीनं परभणीला गेली. कलेक्टर कचेरीतल्या साहेबानं विचारलं, "मावशी, घरचा कुणी दबाव?"

"हाय ना. पर मी दबायली न्हाई," ती म्हणाली. "ही बंदूक मोडून टाका. आमच्या घरात कुणाच्याच नावानं देऊ नका."

बन्सीधर सालभर बोलला नाही. भावकीतल्या लग्नात ती पंगतीला बसताच ताटावरून उठून गेला. ती मात्र ज्वारीच्या राखणीला रोज रानातल्या माळ्यावर चढायची आणि तेलाचा डबा असा बडवायची की शेजारच्या शिवारातले लोक ओरडायचे, "कडूबाई, डुकरं गेली, आता आमाला तरी झोपू द्या!" थोडी ज्वारी डुकरांनी खाल्लीच. "खाऊ द्या," म्हणायची.

यंदाच्या दसऱ्याला पाटावर विळा, खुरपं नि तो चेपलेला डबा मांडला होता. त्यालाही झेंडूची माळ. बन्सीधर रीत म्हणून आला नि तोंड फिरवून बसला. तेवढ्यात आदिनाथ दारात. वाकड्या हातानंच त्यानं आपट्याची पानं पुढं केली. बन्सीधरला उठावं लागलं. दोघं गळ्यात पडले.

कडूबाई चुलीपासून ओरडली, "भाऊजी, व्याह्याला चहा टाकू, का काठी आणून देऊ?"

आदिनाथ आधी हसला. मग बन्सीधरही, तोंड लपवून.

"टाका चहा," तो म्हणाला. "साखर जादा घाला."