डाव्या हाताचं पुस्तक

कत्तलखान्यात तिला सगळे सांधेवाली म्हणत. पट्ट्यावरून मेंढीचं धड पुढ्यात आलं की तिची सुरी हाडाला न लागता नेमकी सांध्यात शिरायची आणि तंगडी सुटून हातात यायची. बायका तिथे खांद्याला खांदा लावून उभ्या राहत. ही जन्माची डावखुरी. पहिल्याच दिवशी तिने शेजारणीचं कोपर फाडलं. मुकादमाने मुस्काटात दिली, तिच्या डाव्या हातात लोखंडी जाळीचा मोजा चढवला आणि सुरी उजव्यात कोंबली. वर्षभरात उजवा तयार झाला. मग घरातलं चिरणं, जेवणं, केर काढणं, सगळं त्याच हाताने होऊ लागलं. लिहिणं तेवढं डाव्याकडे राहिलं.

नवरा तिथलाच, गळे चिरणारा. दिवसभर चिरूनही त्याचे हात शिवशिवत राहत. चहा गार झाला म्हणून तो मारी, दार उशिरा उघडलं म्हणून मारी, कधी काहीच झालं नाही म्हणून मारी. दहा वर्षांच्या संसारात तिचे दोन दात पडले आणि एक बरगडी मोडली. ती मात्र जेवणाच्या सुट्टीत कपडे बदलायच्या खोलीत बसून वजनाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर गोष्टी लिही. पहिल्या सहा गोष्टींत तिने नवऱ्याला सहा तऱ्हांनी ठार केलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून घर चालू होतं.

गोष्टी एका प्रकाशकाने घेतल्या. संपादकबाईंचं पत्र आलं: एक गोष्ट कमी पडते आहे, महिन्याभरात पाठवा, नाहीतर पुस्तक रद्द होईल. सोबत स्वतःचा परिचय द्या आणि केलेलं कुठलंही काम लपवू नका. आमच्या लेखकांत एक शववाहिका चालवणारा आहे, एक तुरुंगातली स्वयंपाकीण आहे, प्राध्यापक तर पोत्याने आहेत. कत्तलखान्यातलं कोणी नाही.

पत्र नेमकं नवऱ्याच्या हाती पडलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने घर उलटंपालटं करून चिठ्ठ्यांचा गठ्ठा शोधला, उभ्या उभ्या पहिली गोष्ट वाचली आणि बाकीचा गठ्ठा शेगडीत घातला. मग तिला केसांना धरून लोखंडी दाराशी ओढत नेलं, तिचा उजवा हात चौकटीत धरला आणि दार तीनदा आपटलं.

"लिही आता," तो म्हणाला.

ती जिवाच्या आकांताने ओरडली. पण डावा हात तिने पोटाखाली दाबून ठेवला आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

तीन बोटं कायमची वाकडी झाली. सुरी धरता येईना, म्हणून मुकादमाने कामावरून काढलं. आधी गोष्ट पुरी करायची, पुस्तक हाती आलं की घर सोडायचं, असं तिने ठरवलं. शहाणपणाचं नव्हतं, पण ठरवलं. नवरा कामावर गेला की ती लिहायला बसे. गोष्ट दाराचीच होती. जळालेल्या गोष्टींच्या प्रती संपादकबाईंकडे सुखरूप होत्या. तो मात्र खुशीत होता, संध्याकाळी तिला स्वतः घास भरवी. मेल्याला वाटे, बायको वठणीवर आली.

गोष्ट वेळेत पोचली, पण पुस्तक घरी आलं ते त्याच्या सुट्टीच्या दिवशी. त्याने ते उलटवून मागचा मजकूर वाचला: "बारा वर्षं कत्तलखान्यात सांधे सोडवले. शेवटची गोष्ट नवऱ्याने हात मोडल्यानंतर लिहिली." पुस्तक टाकून त्याने तिचा गळा धरला आणि भिंतीवर रेटला. डोळ्यांपुढे अंधारी येत असताना तिचा डावा हात ओट्यावर चाचपडला. सुरी लागली. ती हाडाला लागू न देता तिने त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी, सांध्यात घातली. गळा सुटला.

तो फरशीवर बसला. रक्त कोपरापर्यंत ओघळत होतं. त्याने आधी सुरीकडे पाहिलं, मग ती धरलेल्या हाताकडे.

"तू डावखुरी आहेस?" त्याने विचारलं.

मार खाताना ती ओरडली होती, पण रडली कधी नव्हती. पुस्तक उचलून ती दाराबाहेर पडली आणि जिना उतरता उतरता हमसून हमसून रडली.