अकरा नंबरची जागा

गुनवोरच्या यादीत एकंदर चौदा जागा होत्या. सगळ्या स्वीडनमध्ये मिळून चौदा. ज्यांना मोबाइलच्या आणि वाय-फायच्या लहरींनी डोकं फुटायची पाळी येते, कातडीवर मुंग्या चालतात, डोळ्याला डोळा लागत नाही, अशा माणसांनी प्रवासाला निघायचं तर रात्री पाठ टेकायची कुठे, त्याची ही यादी. गुनवोर स्वतः त्यांच्यातलीच. पंचवीस वर्षांपूर्वी कचेरीत नोकरीला असताना तिला हे सुरू झालं, आणि नोकरी, शहर, नवरा असं करत तिने सगळं सोडलं. म्हणजे नवऱ्यानेच तिला सोडलं होतं, पण सांगताना ती नुसतं 'सुटलं' म्हणायची.

मी तिची शेजारीण, सीव. आमच्या घरांमध्ये चारशे पावलांचं जंगल आहे, आणि माझ्याकडे एक जुनी डिझेल गाडी आहे, जिच्यातलं घड्याळसुद्धा चावीचं. मैत्री व्हायला एवढं पुरलं. या दुखण्याबद्दल माझं मत मात्र कोणी विचारू नये. तिच्या नाकातून रक्त येताना मी पाहिलंय, आणि डॉक्टर तिला काय म्हणाले तेही मी शेजारी बसून ऐकलंय.

यादी वर्षातून एकदा निघायची. गुनवोर सांगायची, मी टाइपरायटरवर बडवायची, मग लायब्ररीत जाऊन प्रती काढून आणायची. गुनवोर लायब्ररीच्या दारापर्यंतसुद्धा येऊ शकत नसे. प्रत्येक जागेपुढे ठरलेली माहिती: विजेचा मुख्य खटका कुठे आहे, शेजारी कोण राहतं, टॉवर किती लांब, आणि शेवटी, मालक हसतो का. हा शेवटचा रकाना तिनेच घातलेला. "टॉवरपासून दहा किलोमीटर लांब जाता येतं," ती म्हणायची, "पण खिदळणाऱ्या मालकापासून खोलीच्या आत कुठे जाणार?"

ती स्वतः झोपून आल्याशिवाय कुठलीही जागा यादीत चढत नसे. नवीन जागा शोधायला ती भिंतीवरच्या जुन्या फोनवरून हॉटेलांना, लॉजांना, शेतावर खोल्या देणाऱ्यांना फोन करायची. मी कॉफी पीत ऐकत बसायची.

"आमच्या सगळ्या खोल्यांत वाय-फाय फुकट आहे, बाई."

"तेच नकोय मला."

"पण फुकट आहे."

"बंद कराल का? एक रात्र?"

"बंद केलं म्हणून भाड्यात काही कमी होणार नाही हं."

असे वीस फोन केले की एखादी जागा बघण्यासारखी निघे. तीसुद्धा दोन वर्षांत नासे. शेजारी नवीन राउटर आणे, मालक मरे, मुलगा येऊन दिव्यांपासून कुलपापर्यंत सगळं मोबाइलवर चालणारं करून टाके. मग गुनवोर त्या जागेवर रेघ मारायची आणि पुढे कारण लिहायची. तिची यादी कधी चुकली नाही. सेहेचाळीस माणसं त्या कागदावर विसंबून घराबाहेर पडत.

आणखी एक नियम होता. एप्रिलच्या शेवटी, वसंताच्या होळ्या पेटतात त्याच्या आदल्या दिवशी, यादी सगळ्यांना एकदम पोस्टाने जायची, म्हणजे कोणाला आधी कळलं असं होऊ नये. मालकांनाही ताकीद होती की त्याआधी कोणाला शब्द द्यायचा नाही. आणि गुनवोर स्वतः तीन दिवस थांबून मगच फोन लावायची.

"तू का थांबतेस?" मी एकदा विचारलं होतं.

"मी पहिला फोन केला तर यादी माझी झाली," ती म्हणाली.

या थांबण्यापायी अकरा नंबरची जागा, यादीत चढवण्याआधीची ती एक रात्र सोडली तर, तिला कधीच मिळाली नाही. ती टोरबोर्ग नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीची. तळ्याकाठी लाकडी खोपटं, आत वीज नाही, चूल आणि रॉकेलचा दिवा, आणि मागे असा डोंगर की कुठलीच लहर वळून येत नाही. कार्लस्टाड शहरापासून पंचवीस मिनिटं. टोरबोर्ग हसत नसे, उलट पाहुणे यायच्या दिवशी वेलदोड्याचे पाव भाजून ठेवायची. उन्हाळा आणि अर्धा सप्टेंबर दोन दिवसांत भरून जायचा. टॉवर उभारणाऱ्या कंपनीचा माणूस सहा वर्षं तिच्या दाराशी खेटे घालत होता. डोंगरावरची जमीन तिचीच. ती त्याला दरवेळी पाव खायला घालून परत पाठवायची. म्हणायची, "माझे पाहुणे कुठे जातील?"

आणि कार्लस्टाडमध्ये राहायची गुनवोरची मुलगी, मालिन.

मालिनचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गुनवोर तिथे एकदाच राहिली होती. रात्री उशी घेऊन तळघरात, सायकलींच्या मध्ये जाऊन झोपली आणि सकाळी नाश्ता न करता निघून आली. मालिनच्या लग्नात चर्चच्या बाहेर, थडग्यांमध्ये उभी राहिली आणि जेवणाआधी परतली. फोटोत ती नाही. मालिन त्यावर काही बोलली नाही. फोन मात्र महिन्यातून एकावर आला.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मालिनचा फोन आला. सप्टेंबरच्या सुरुवातीला बाळ होणार होतं. गुनवोरने रिसीव्हर ठेवला आणि बराच वेळ त्याची गुंडाळलेली तार सरळ करत राहिली.

"म्हणाली, येशील का म्हणून विचारणार नाही. विचारून कंटाळले."

"मग?"

"मला आठवडाभर तिच्याजवळ राहायचंय, सीव. रोज जाऊन-येऊन. एकदा तरी इतर आयांसारखं."

तिथे जवळ राहण्याजोगी जागा एकच. मी म्हटलं, "सगळ्यांना लिही ना सरळ. तो एक आठवडा मला सोडा म्हणावं. कोण नाही म्हणेल?"

"कोणी नाही म्हणणार नाही. म्हणून तर लिहायचं नाही. आज माझी मुलगी बाळंत होते, उद्या प्रत्येकाची होईल."

"मग या वर्षी तीन दिवस थांबू नकोस."

"नियम मी केलाय," ती म्हणाली, आणि विषय संपला असं मला वाटलं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती सांगत होती, मी बडवत होते. नऊ. दहा, मालक हसत नाही पण बायको हसते. अकरा.

"अकरावर रेघ मार," गुनवोर म्हणाली.

माझी बोटं थांबली. "टोरबोर्ग गेली?"

"लिही, डोंगरावर टॉवर आला."

"कधी आला?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर बर्फ वितळून छपरावरून टपटपत होतं, तिकडे बघत म्हणाली, "वीस वर्षं मी लोकांना छप्पर शोधून देतेय. एक आठवडा घेतला तर काय होईल? पुढच्या वर्षी रेघ पुसू. लिहीन, टॉवर काढून नेला."

माणूस एकदा मागायला लाजतो तेव्हा चोरी त्याला सोपी वाटते, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी बोलले नसते. मी टाइप केलं: डोंगरावर टॉवर आला. जागा बाद.

मग तिने नियमाप्रमाणे तीन दिवस वाट पाहिली. खरंच पाहिली. चौथ्या दिवशी फोन केला तेव्हा सबंध सप्टेंबर मोकळा होता.

मे महिन्यात स्तेलानचं पत्र आलं. हा उत्तरेकडचा एक निवृत्त शिक्षक, दरवर्षी जुलैमध्ये आजारी बायकोला घेऊन टोरबोर्गकडे यायचा. लिहिलं होतं, 'वेळेवर सांगितल्याबद्दल आभार. दुसरी कुठलीच जागा हिला सोसत नाही, तेव्हा यंदा घरीच राहू. तिने पडदे धुऊन लावलेत. टोरबोर्गलाही दोन ओळी लिहिल्या आहेत.' गुनवोरने पत्र दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. दोन ओळी काय असतील ते तिच्या लक्षात आलं असणारच. पण ती टोरबोर्गला फोन करायला उठली नाही, आणि टोरबोर्गचाही आला नाही.

चार सप्टेंबरला मालिनला मुलगी झाली. दहा तारखेला आम्ही निघालो. मागच्या सीटवर पांघरुणं, उकडलेले बटाटे, बाटलीतली हेरिंग मासळी, आणि गुनवोरने विणलेली चार टोपडी. दुपारी दोन वाजता मालिन बाळाला घेऊन टोरबोर्गकडेच येणार होती. गुनवोर रस्ताभर बोलत होती. इतकी बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

वळणावरून डोंगर दिसला आणि ती गप्प झाली. टॉवर उभा होता. नवाकोरा, राखाडी, झाडांच्या दुप्पट उंच. पायथ्याशी उकरलेली माती अजून ताजी दिसत होती.

टोरबोर्ग पायरीवर आली. "आलात? कॉफी तयार आहे."

गुनवोर गाडीतून उतरली, पण दाराला धरून उभी राहिली. "हे काय?"

"टॉवर."

"केव्हा?"

"सही मेमध्येच केली. कागद त्या माणसाकडे सहा वर्षं तयारच होते." टोरबोर्गने एप्रनला हात पुसले. "स्तेलानने लिहिलं होतं, तुझ्याकडे टॉवर आल्याचं यादीत वाचलं, फार वाईट वाटलं. मी बाहेर जाऊन डोंगरावर बघून आले. म्हटलं, म्हातारपणी मला दिसत नाही की काय. मग वाट पाहिली, कोणीतरी फोन करील. जूनसाठी कोणी केला नाही. जुलैसाठीही नाही. तुझा एकटीचा मात्र होता, सप्टेंबरसाठी."

"टोरबोर्ग, मी..."

"गुनवोरची यादी कधी चुकत नाही, सगळे म्हणतात. म्हटलं, आपल्यामुळे कशाला चुकावी?"

"मला सांगायचंस तरी."

"तू सांगितलंस मला?" टोरबोर्ग आत गेली. थोड्या वेळाने ट्रेमध्ये कप घेऊन आली आणि पायरीवर ठेवून पुन्हा आत गेली. पाव भाजले नव्हते. दुकानातली बिस्किटं होती.

टॉवर सुरू झालाय की नाही हे आम्ही विचारलंच नाही. गुनवोरचा चेहरा पांढरा पडला होता आणि ती कानशिलं दाबून धरत होती. मी तिला गाडीत घातलं. मालिनला कळवायचं कसं? दोघींपैकी कोणाकडे मोबाइल नाही, आणि टोरबोर्गचा फोन मागायला तोंड नव्हतं. तेव्हा खाली मोठ्या रस्त्याला, जिथे पूर्वी दुधाचे कॅन ठेवायचे तो लाकडी ओटा आहे, तिथे जाऊन थांबलो. डोंगराच्या आड.

दोन वाजून दहा मिनिटांनी मालिनची गाडी आली. आम्हाला बघून थांबली. उतरली, खिशातला मोबाइल काढून बंद केला आणि डिकीत टाकला, कोणी न सांगता. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं.

"इथे काय करताय?"

"वर टॉवर आलाय," गुनवोर म्हणाली.

मालिन हसली. "वाटलंच मला. असंच काहीतरी असणार."

तिने बाळ आणून आईच्या हातात दिलं. गुनवोर ओट्यावर बसली. बाळ झोपलेलं होतं. तिने एक टोपडं घालून पाहिलं, ते मोठं झालं. मग मालिन म्हणाली, "सेहेचाळीस लोकांसाठी तुला जागा सापडते, आई. माझ्याकडे यायला एक सापडत नाही."

तेव्हा गुनवोरने सांगितलं. सगळं, रेघेपासून स्तेलानच्या बायकोपर्यंत. बाळाकडे बघत सांगितलं. "तुझ्यासाठी खोटं बोलले मी," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा."

मालिनने शांतपणे ऐकून घेतलं. "मग मलाच एक खोटं सांगायचंस ना. बरं वाटतंय म्हणायचंस आणि घरी यायचंस. आठवडाभर नाही, एक दुपार. डोकं दुखलं असतं तुझं. माझंही दुखतं."

तेवढ्यात बाळ जागं होऊन रडायला लागलं. मालिनने ते उचललं, गाडीत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. गाडी नवी होती, आत पुढे सगळे स्क्रीन उजळलेले. गुनवोर तिच्यात बसू शकत नव्हती हे तिघींनाही ठाऊक होतं. ती सहा पावलांवर रस्त्यात उभी राहून काचेतून बघत राहिली. मालिन खाली मान घालून पाजत होती. तिने बोलावलं नाही, आणि गुनवोर पुढे सरकली नाही.