ओल्या फडक्यावरचा चहा

विष्णू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी धायरी फाट्यावर जो श्रद्धांजलीचा फलक लागला, त्यावर ‘माजी नौदल अधिकारी’ असे छापले होते. हे विधान असत्य आहे आणि मी ते संबंधितांना लेखी कळवले आहे. शाळेपासूनचा माझा हा मित्र नौदलात एक दिवसही नव्हता. अंटार्क्टिकावर संशोधक आणि त्यांची वर्षभराची रसद पोचवणाऱ्या जहाजावर तो इंजिनियर होता. फलक अजून तसाच आहे...

त्या जहाजाविषयी तो सांगे तेव्हा कौतुक कमी आणि तक्रारी जास्त असत. म्हणूनच बहुधा मला ते ऐकावेसे वाटे. वाटेत समुद्र असा खवळतो की मोठमोठे शास्त्रज्ञ बादली कुशीत घेऊन झोपतात. जेवताना ताटे घसरू नयेत म्हणून टेबलावरचे कापड ओले करतात. किनारा म्हणजे बर्फाचा कडा. त्याला जहाज टेकवून इंधनाची पिंपे, पिठाची पोती, घरांचे सुटे भाग उतरवायचे, आणि वारा फिरला की अर्धे काम टाकून मागे सरायचे. इंजिन मात्र बंद करायचे नाही. सुट्टीवर आला तरी तो चहाच्या कपाखाली ओले फडके अंथरी. माझे कितीतरी तक्रार-अर्ज त्यावर भिजले.

“अरे, धायरी हलत नाही!” मी ओरडे.

“हलंल, हलंल. जमिनीचा भाव बघतोस न्हवं?”

भाव खरोखरच हलले. शहरात संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि धायरीत विहिरीकाठच्या ज्या घरात विष्णूची आई एकटी राहत होती, त्यासमोर रोज नवी मोटार उभी राहू लागली. म्हातारीला तिथेच राहायचे होते. जहाजावर निघण्यापूर्वी विष्णूने त्या घराजमिनीचे कुलमुखत्यारपत्र माझ्या नावे केले. त्या काळी संपादक माझ्या पत्रांना कंटाळले होते. शेजारी मला पाहून जिन्यातून मागे फिरत.

“मलाच का? तुझे चुलतभाऊ आहेत की.”

“त्ये गोड बोलत्यात. तुला गोड बोलता येत न्हाई. सही मागायला आलेला माणूस तुझ्या दारात किती टिकंल?”

ज्या माणसाचा राग कोणालाच नको होता, त्याच्या रागाला त्याने काम दिले. हे ऋण मोठे आहे.

बिल्डर आला, चुलतभावांना घेऊन आला. “बर्फात जहाजाचं बरंवाईट झालं तर आजींनी जायचं कुठं?” असे तो म्हातारीसमोरच म्हणाला, तेव्हा मी फौजदारी तक्रारीचा मसुदा तयार केला. त्याच आठवड्यात जहाजावरून विष्णूचा फोन आला. आवाज मध्येच तुटत होता.

“बर्फात अडकलोय आम्ही.”

“मग मारा की धडका!”

“धडका मारून नुसतं डिझेल जातं... वारा फिरस्तवर थांबलोय. इंजिन चालू हाय. वकीलसाहेब, तुमीबी तसंच करा. कोर्टात जाऊ नगा, सही करू नगा. आईकडं रोज चहाला जावा.”

मी वकील नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरीही आयुष्यात प्रथमच मी तक्रार दाखल न करता बसून राहिलो, तो त्या विहिरीकाठी, रोज संध्याकाळी. बिल्डरची मोटार यायची; मी बसलेला दिसलो की वळायची. एके दिवशी ती यायचीच थांबली. पुढे कित्येक वर्षांनी म्हातारी गेली ती त्याच घरात, विष्णूच्या मांडीवर डोके ठेवून. निवृत्तीनंतर तोही बायकोसह तिथेच राहिला.

कुलमुखत्यारपत्र करून देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर ते संपुष्टात येते. त्या घराशी कायद्याने माझा आता संबंध नाही. म्हणून तेराव्यानंतर मी मूळ दस्त परत द्यायला गेलो. वहिनींनी तो घेतला नाही. टेबलावर ओले फडके पसरले, त्यावर कप ठेवला.

“कागद राहू द्या भाऊजी. उद्या चहाला यायचं हाय.”

फडक्याच्या कडेने दस्ताचा कोपरा भिजत होता. मी तो उचलायला हात पुढे केला... आणि कप उचलला.