मान वर करा, पावणं

चहाचा घोट आधी गिळा, मग ऐका. नाहीतर हसताना फवारा माझ्याच शर्टावर यायचा.

डोळ्याचा पडदा सुटला म्हणून माझं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात गॅस भरला आणि बजावलं, "मान खालीच ठेवायची. वर केलीत तर पडदा पुन्हा सुटेल." त्या डोळ्यात तव्याएवढा काळा फुगा डुचमळायचा. दुसऱ्यात मोतीबिंदू. म्हणजे मला दिसायचं काय, तर समोरच्याचे पाय.

नेमके तेव्हाच शिरोळचे पावणे आमच्या प्राजक्ताला बघायला आले. बायकोनं आधीच दम भरला होता, "डोळ्याचं बोलायचं न्हाय. पोरीलाबी तसलंच व्हईल म्हणत्याली आणि स्थळ मोडंल."

मी गप मान खाली घालून बसलो. आता मुलीचा बापच असा बसल्यावर पावण्यांनी समजायचं काय?

"पावणं, मान वर करंनासा?" मुलाच्या आत्याबाईंनी विचारलं.

"सवय हाय."

"का पोरीनं खाली घालाय लावली?"

एवढं चांगलं स्थळ माझ्या मानेपायी जाणार. तेवढ्यात काळा दोरा बांधलेला एक पाय शेजारी येऊन टेकला. काळा दोरा म्हणजे माझा मेव्हणा, बाळू. मी कुजबुजलो, "बाळू, तूच सांभाळ की. ऑपरेशनचं सांगता येईना. ती आत्या लई खवट हाय, आणि पोराचा बाप तर नुसता ठोंब्या. आल्यापासनं तोंड उघडलं न्हाय."

पाय जरा मागं सरकला.

"त्यो ठोंब्या मीच, पावणं," बोबडा आवाज आला. "नवी कवळी हाय. बोललो की भाईर येती, म्हणून ह्या बहिणीनं गप बसाय सांगितलंय."

पहिल्यांदा आत्याबाईच हसल्या, मग सगळेच. हसता हसता व्याह्यांची कवळी माझ्या पायाशी पडली. ती तेवढी मला स्पष्ट दिसली. लग्न तिथंच ठरलं.

साखरपुड्यापर्यंत डॉक्टरांनी मान वर करायची परवानगी दिली. दिसायचं मात्र अजून धूसरच. तरी मी ताठ मानेनं स्टेजवर गेलो. जावयाला टिळा लावला, हातात नारळ दिला, कडकडून मिठी मारली. बायकोला म्हटलं, "पोरगं झकास हाय."

तिनं कपाळाला हात लावला. "अवो, त्यो फोटोग्राफर हाय."

आता माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. जावयाचे मी नुसते पाय बघितले होते, आणि त्या दिवशी तो बूट घालून आलेला.