कोकिळाबाईंची परात

माझ्या सासूबाई कोकिळाबाई लग्न होऊन फैजपूरला आल्या तेव्हापासून थोरल्या जाऊबाई भिकुबाईंबरोबर दर उन्हाळ्यात गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालत. समोर सातपुडा आणि त्याचा उंच कडा. पापड उलटता उलटता दोघींनी ठरवलं होतं, एकदा त्या कड्यावर जायचं आणि तिथून आपली गच्ची बघायची. पोरं शिकली, नातवंडं झाली, तरी जाणं काही झालं नाही. घरातले पुरुष ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणत, कारण न्यायची वेळ त्यांच्यावर आली असती.

गेल्या वर्षी भिकुअक्का पडल्या, खुबा मोडला. आता त्यांना जिनाही दोघांनी धरून चढवावा लागतो. सासूबाईंनी मग वेगळाच बेत केला. आपण कड्यावर जायचं, आरशानं उन्हाचा कवडसा पाडायचा, आणि अक्कांनी गच्चीवर खुर्चीत बसून तो बघायचा. मला हसू आलं होतं, हे खरं.

थंडीत निघालो. आता आमची माणसं थंडीत घराबाहेर पडणार आणि भरीत करणार नाहीत, असं कधी झालंय? माझ्या नवऱ्यानं, भूपेंद्रनं, गाडीत पोतंभर वांगी, ती भाजायला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणि पुऱ्यांच्या पिठाची मोठी स्टीलची परात कोंबली. अभयारण्याच्या नाक्यावर वनरक्षक आधी पऱ्हाट्यांकडे बघत राहिला, मग आमच्याकडे. जंगलात काडीसुद्धा पेटवायची नाही, म्हणाला. सगळं उतरवलं, तर पोत्याखाली आरशाचा चुरा झालेला.

भूपेंद्रला तर बरंच झालं. कवडसाच पडणार नाही तर वर जाऊन काय करायचं, पायथ्याशी एका मित्राच्या शेतात भरीत करू, असं त्याचं म्हणणं. आधी पोटोबा! सासूबाईंनी परातीतलं पीठ पिशवीत ओतलं, परात पदरानं घासून लख्ख केली, डोक्यावर घेतली आणि चालू लागल्या.

वाट दाखवायला पायथ्याच्या गावातल्या दिवालीबाई होत्या. अंजनाच्या झाडांतून वाट वर जात होती. एका खोडावर अस्वलाच्या नखांचे खोल ओरखडे दिसले तेव्हा भूपेंद्र बराच वेळ आमच्या मधोमध चालला. पुढे नाल्यात एक भेकर पाणी पीत होतं. परातीवर ऊन चमकलं तसं त्यानं मान वर केली, सासूबाईंकडे टक लावून पाहिलं आणि सावकाश झाडीत गेलं. अक्कांना हे सांगायला हवं, एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटचा चढ मात्र उभा होता. अर्ध्यावर सासूबाई एका दगडावर बसल्या. मी परत फिरू म्हटलं. ऊन कलायला लागलं होतं आणि उन्हाशिवाय परातीचा काय उपयोग? त्यांनी परात काढून लेकाच्या डोक्यावर ठेवली, दिवालीबाईंचा हात धरला आणि उठल्या. परात डोक्यावर घेतलेला माझा नवरा मी आयुष्यात विसरणार नाही.

कड्यावर पोहोचलो. खाली नजर जाईल तिथवर केळीच केळी, पलीकडे तापीची चकाकती रेघ. फैजपूर म्हणजे एक धुरकट ठिपका. त्यात गच्ची कुठली ओळखायची! सासूबाईंनी परात उन्हाकडे धरली. मी फोन लावला, आवाज मोठा केला. अक्का म्हणाल्या, काहीच दिसत नाही. परात थोडी वाकवली. नाही. डावीकडे वळवली. तरी नाही. भूपेंद्रनं न सांगता मागून परातीला आधार दिला. हळूहळू, पापड उलटावा तशी, सासूबाईंनी ती अजून जराशी कलती केली.

मग अक्कांचा आवाज आला, ओला.

“अवं कोकिळे, डोंगर चमकू राह्यला. दिसली मले तू.”

परात तशीच धरून सासूबाई रडत होत्या, हसत होत्या. मीही रडले, लपवत नाही.

“ठेव आता खाली, हात दुखतीन,” अक्का म्हणाल्या. “आपण दोघी जाऊन आलो.”

भरीत शेवटी संध्याकाळी गच्चीवरच झालं. जमलेल्या शेजारणींना कडा, अस्वलाचे ओरखडे, पाणी पिणारं भेकर, सगळं भिकुअक्काच सांगत होत्या, आणि सासूबाई शेजारी बसून नुसत्या ‘हो’ म्हणत होत्या.